मावशी, तुझा शब्द मी मोडला

भागामावशी, तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. सकाळी दात घासताना भांडतो, दवाखान्याचं कुलूप काढताना भांडतो, रोग्याची नाडी हातात असताना मध्येच 'पण तू तरी माझं का ऐकलं नाहीस?' असं पुटपुटतो. परवा एका म्हाताऱ्याला वाटलं, मी त्यालाच बोललो. घाबरून म्हणाला, "नाय ओ डाक्तर, पुड्या घेतल्या मी समद्या." घरात बायको म्हणते, गेलेल्या माणसाशी कसलं भांडण उकरून काढता? तिला काय सांगू? जिवंतपणी पुरं झालं असतं तर आता उकरावं लागलं नसतं.

त्यातून आता माझीच बाजू लंगडी झाली आहे. तुझ्या तेराव्याला, तुझ्याच अंगणात, कोंडाणे गावच्या सगळ्या बायांसमोर मी तुझा शब्द मोडला. तीन वर्षं तू जे पोटात ठेवलंस ते माझ्या तोंडून गेलं. तुझ्या सुनेचा, सगुणेचा जीव पणाला लागला होता. तरी तुला न विचारता झालं ते झालंच. आता विचारायला तू नाहीस, म्हणून हा कागद घेऊन बसलो आहे.

आपली पहिली भेटही भांडणाचीच. मी कर्जतच्या बाजारात नवा दवाखाना थाटला होता. मुंबईहून जुनं, पितळेचं सूक्ष्मदर्शक आणलं होतं आणि ते खिडकीत असं मांडलं होतं की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. तू बाजाराच्या दिवशी शेवळांची टोपली घेऊन दारात उभी राहिलीस. सूक्ष्मदर्शकाकडे ढुंकून पाहिलं नाहीस. भाजी घ्यायला बाहेर आलेल्या माझ्या बायकोचा हात धरलास, नख दाबलंस, डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढलीस आणि मला हाक मारलीस, "डाक्तर, तुझ्या बायकोला रगत नाय रं!"

मला असा संताप आला! भर बाजारात, चार माणसांत, एक सुईण मला माझ्या बायकोचा रोग सांगते! तुला मी वाटेला लावलं आणि दार लोटून बायकोचं बोट टोचलं. टिपकागदावर रक्ताचा थेंब घेऊन छापील लाल पट्ट्यांशी रंग ताडून बघायची सोय आमच्याकडे असते. रंग निम्म्याच्याही खाली निघाला. रोज माझ्या ताटात वाढणारी बाई, आणि मला दिसलं नाही. पुढच्या बाजाराला तू पुन्हा हजर. "इचारलंस कागदाला? काय बोलला?" असं म्हणून हसलीस. मी खाली मान घालून शेवळं विकत घेतली.

पहिले सहा महिने मी तुला 'अहो भागाबाई' म्हणत होतो. एकदा तूच फटकारलंस, "आवो-जावो कोनाला करतोस? मी काय मामलेदार हाय? मावशी म्हन, नायतर नको बोलू." तेव्हापासून मावशी आणि तेव्हापासून 'तू'. माझ्या सख्ख्या मावश्यांना इतक्या मोठ्या आवाजात मी कधी बोललो नसेन.

तुझ्याकडून मी काय शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू डोक्यावर बसली असतीस. आता सांगतो. पांढरी पडलेली बाई आली की मी विचारायचो, 'माती खातेस का?' आणि ती ताठ मानेनं 'नाय' म्हणायची. तू विचारायचीस, "चुलीची खातीस का बांधाची?" आणि ती लाजून म्हणायची, "चुलीची." रक्त कमी झालेल्या माणसाला मातीचे डोहाळे लागतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ते विचारायचं कसं हे पुस्तकात नव्हतं. बाई उंबरठा चढून आली की तू तिचा श्वास ऐकायचीस. पायावरची सूज बोटानं दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघायचीस. मग मला म्हणायचीस, "रगत नाय ह्ये मी सांगितलं. का नाय, त्ये तू तुझ्या नळीतनं सांग."

त्या नळीतनं, म्हणजे सूक्ष्मदर्शकातनं, मी सांगायचोही. हिवतापानं खाल्लेलं रक्त वेगळं दिसतं, पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असते, तिथे कोयनेल. चिखलात अनवाणी लावणी करून पोटात जंत झालेल्यांचं रक्त वेगळं, पेशी लहान आणि मधोमध फिकट, रिकाम्या बांगड्यांसारख्या. तिथे आधी जंतांचं औषध, मग लोहाचं. एकीचं औषध दुसरीला चालत नाही. म्हणून मला थेंब हवा असायचा, आणि थेंबावरूनच आपलं सगळं रामायण झालं.

रक्त, नख, केस परक्याच्या घरात ठेवू नये, कोणी करणी करील, हे तुमच्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. बाया बोट मुठीत लपवून पळायच्या. मी चिडायचो, अडाणी म्हणायचो. तू माझ्यावर डोळे वटारलेस आणि तोड काढलीस. टिपकागद लगेच चुलीत जाईल. आणि ज्या काचेवर रक्ताचा थेंब पसरला, ती काच त्याच दिवशी तुझ्या हातात परत. तू ती उल्हास नदीत धुणार आणि ज्या घरची असेल त्या घरी जाऊन सांगणार, "धुतली गं." पुढच्या बाजाराला कोरी काच मला परत. 'दिवस मावळायच्या आत बघून घे, नायतर तुझं नशीब.'

काय जाच होता तो! काचेला रंग द्यायचा, वाळवायची, खिडकीच्या उजेडात बघायची, वहीत चित्र काढायचं, आणि तू पायरीवर बसून, "झालं का रं?" दर पाच मिनिटांनी. पण त्या एका शब्दावर कोंडाण्याच्या आणि वरच्या वाड्यांच्या बाया माझ्यापुढे हात पुढे करू लागल्या. माझ्या पदवीवर नाही, तुझ्या 'धुतली गं'वर.

आता पारूकडे येतो. टाळून टाळून किती टाळू?

सोनीबायची लेक पारू. पहिलटकरीण, सातवा महिना. चेहरा मेणासारखा, पायऱ्या चढताना धाप. पण जीभ लालबुंद, गुळगुळीत, सोलल्यासारखी. तुझा नेम होता की जीभ पांढरी तर रक्त नाही, जीभ लाल तर रक्त आहे. तू म्हणालीस, "हिला आंगात उष्णता हाय, सब्जा पाज." मी टिपकागद दाखवला, इतका फिकट रंग मी कधी पाहिला नव्हता. मी लोह दिलं. महिनाभर आपण दोघं वाद घालत बसलो, तुझा सब्जा की माझं लोह. आणि पोरीचं एकाही गोष्टीनं भलं होत नव्हतं.

महिन्यानं मी पुन्हा काच घेतली. या वेळी नळीत जे दिसलं ते मी ओळखलं नाही. पेशी लहान नव्हत्या, उलट मोठमोठ्या, लांबट, काही तर बाळसं धरल्यासारख्या. आणि तू पायरीवर. "झालं का रं?" उजेड उतरत होता. मुंबईला माझे सर बाळंतिणींच्या रक्ताचा अभ्यास करत होते, ही काच त्यांनी बघितली तर कळेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी आत गेलो, स्वतःचं बोट टोचलं, दुसऱ्या काचेवर माझं रक्त पसरलं, आणि ती काच पारूची म्हणून तुझ्या हातावर ठेवली.

तू माझं रक्त उल्हासमध्ये धुतलंस आणि सोनीबायला सांगितलंस, धुतली गं.

उत्तर यायला दिवस लागले. पारूला आठव्यातच कळा लागल्या. मूल मेलेलं झालं आणि तिसऱ्या दिवशी पारूही गेली. सरांचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. हा लोहाचा रोग नव्हेच. गरोदर बाईच्या अन्नातलंच काहीतरी कमी पडून होणारा वेगळा रोग, आणि यावर यीस्टचा काळा अर्क लागू पडतो. जीभ सोलवटते ती याचीच खूण. सोबत अर्काची बरणी होती. मी वेड्यासारखा तुझ्याकडे धावत आलो आणि म्हणालो, "मावशी, सरांनी काच बघितली, रोग कळला!"

तू तांदूळ निवडत होतीस. हात थांबवून विचारलंस, "कंची काच?"

तेवढंच. मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. तू सूप उचललंस आणि आत गेलीस. पुढचे चार महिने तू दवाखान्याची पायरी चढली नाहीस, आणि तू नाहीस म्हणून कोंडाण्याचं कोणीच आलं नाही. मी तुझ्यावर रागावलो होतो, खरंच. शास्त्राचं काम केलं, चोरी नाही केली, असं बायकोला दहादा सांगितलं. ती म्हणाली, "मग रात्रीची झोप का येत नाही तुम्हाला?"

शिमग्यानंतर तू आलीस. एका बाईला दंडाला धरून समोर आणलंस आणि म्हणालीस, "हिची जीभ बघ." लाल, गुळगुळीत. आयुष्यभराचा नेम तू एका मरणात बदललास. मला चार वर्षं शिकून जे सुचलं नव्हतं ते तू, एकही अक्षर न वाचता, धरून ठेवलं होतंस. अर्काचा वास घेऊन तेवढं म्हणालीस, "दारूचा गाळ पाजतोस व्हय बायांना?" आणि स्वतः बोटानं चाखून तिला पाजलास. पारूचं नाव काढलं नाहीस. मीही काढलं नाही. माफी मागायची म्हणून कितीदा जीभ उचलली, पण दर वेळी तू दुसरंच काहीतरी बोलत होतीस, किंवा मी तसं करून घेत होतो.

मुंबईला कसलीशी काच गेली होती, हे मीच कधीतरी बाजारात फुशारकीनं बोललो असणार. ते सोनीबायच्या कानावर गेलं. तिनं तुला गाठून विचारलं, आणि तू गावदेवीची शपथ घेतलीस, "तुझ्या पारूची नव्हती गं." हे मला तुझ्या माघारी कळलं. माझ्यासाठी घेतलीस, की सोनीबायसाठी, की उद्या येणाऱ्या बायांसाठी? सांगितलं का नाहीस मला? अशी शपथ पोटात ठेवून तू पुढे दोन वर्षं माझ्या पायरीवर बसून विचारत राहिलीस, "झालं का रं?"

मग हा भादवा. तुला ताप भरला. मी कोयनेल दिलं, ताप उतरला, पण तू उठेनास. तुझ्याच पद्धतीनं मी तुझी पापणी ओढली, आत पांढरं फटक. किती महिन्यांचं होतं ते, मावशी? जगाच्या पापण्या ओढत फिरलीस आणि स्वतःची कोणाला दाखवली नाहीस. मी बोट मागितलं. तू हात पांघरुणात घेतलास आणि म्हणालीस, "माजी काच कोन धुनार?" मी म्हणालो, मी धुईन. तू माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेचा अर्थ मी अठरा दिवस लावतो आहे. विश्वास नव्हता तुझा, हे मला कबूल आहे. पण जंत होते, की तापानं खाल्लं, की आणखी काही, ते कळलं असतं तर मी काही केलं असतं की नाही? की नुसतं वहीत चित्र काढलं असतं? तू गेलीस आणि मला रोगाचं नावसुद्धा ठेवता आलं नाही.

आणि तुझ्या दहाव्याला मी सगुणेची जीभ पाहिली. सातवा महिना. लालबुंद.

धोंडूला, तुझ्या मुलाला, मी बाजूला घेऊन सांगितलं. तो बिचारा हो म्हणाला. सगुणा नाही म्हणाली. गावात कुजबुज होती की भागीनं खोटी शपथ घेतली म्हणून देवीनं तिला नेली. सगुणा मला तोंडावर म्हणाली, "डाक्तरच्या काचेनं दोगी गेल्या. तिसरी मी नाय होनार. रगत नाय देत नि औशद पन नाय घेत." तीन दिवस मी कर्जत-कोंडाणे चकरा मारल्या. ती मला बघितलं की गोठ्यात जायची. अर्क देऊन मोकळं व्हावं म्हटलं तर ती वाटीला हात लावेना. आणि जंत असले तर अर्कानं काही व्हायचं नाही, तेही बघायला हवं होतं. पारूला सातवा लागला होता आणि ती आठव्यात गेली, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता.

तेराव्याला जेवणं झाली. बाया अंगणात बसल्या होत्या. मी पुन्हा सगुणेला समजवायला लागलो, तेवढ्यात सोनीबाय उठली. ती फार बोलत नाही, तुला माहीत आहे. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सांग डाक्तर, म्हमईला गेली ती काच कोनाची व्हती?"

मावशी, 'पारूची नव्हती' एवढेच दोन शब्द. तुझी शपथ खरी झाली असती, तुझं नाव राहिलं असतं, कदाचित सगुणेनं हातही पुढे केला असता. शब्द ओठांवर आले होते. पण सोनीबाय माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, की तिथे दुसऱ्यांदा दुसरीच काच ठेवणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "पारूची. मी चोरली. भागामावशीला मी माझ्या रक्ताची काच दिली, तिनं ती पारूची समजून धुतली. तुम्हाला ती खोटं बोलली ते नंतर, मला सांभाळायला."

कोणीतरी थुंकलं. सगुणेनं पदर तोंडात धरला. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. तुझं नावही घालवलं आणि तुझी सूनही.

सोनीबायनं विचारलं, "मंग काय दिसलं त्या काचंत?"

मी सांगितलं. तिथेच उभं राहून, जमेल तसं. की पारूचा रोग वेगळा होता, मी लोह दिलं ते चुकलं, मावशीनं सब्जा दिला तेही चुकलं. काच मुंबईला गेली म्हणून रोगाचं नाव कळलं आणि औषध कळलं. पण पारूच्या नंतर दोन दिवसांनी.

"त्यानं कोनी जगली का?"

"तिघी."

"नावं सांग."

मी सांगितली. काशी. बायजा. वरच्या वाडीची हौशी. प्रत्येक नावाला तिनं एकेक बोट दुमडलं. मग दुमडलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "कागूद दोन दिस आदी येता, तं माजी पारू व्हती. बरोबर ना?"

मी म्हणालो, "तिच्या बाळंतपणाच्या आधी आला असता तर, हो." मला तिला गोड बोलता आलं असतं. पण खोटं बोलून झालं होतं.

तिनं दुमडलेली बोटं सोडली. मग वळली आणि सगुणेवर खेकसली, "बघतीस काय टकामका? दे त्याला हात!" सगुणेनं हात दिला. सुई मी टोचली, थेंबाखाली काच सोनीबायनं धरली.

तोच रोग निघाला, मावशी. जंत नाहीत. अर्क त्याच संध्याकाळी सुरू केला. आज पाचवा दिवस. सगुणेनं काल चटणी खाल्ली, जीभ झोंबली नाही म्हणाली. ती वाचेल असं मी अजून लिहीत नाही, धीर होत नाही. मुंबईहून दुसरी बरणी मागवली आहे. तुझ्याबद्दल गावात काय बोलतात ते मी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. तू मला माफ करशील की सूप घेऊन आत जाशील, तेही मला ठरवता येत नाही.

अर्क मी सगुणेला पाजत नाही. सोनीबाय पाजते. गावाच्या त्या टोकाहून रोज दोन वेळा चालत येते, वाटीत काढते, सगुणा तोंड फिरवते तेव्हा तिला शिव्या देते, आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय हलत नाही. आज सकाळी मी म्हणालो, "सोनीबाय, घरात धोंडू आहे, तो पाजील. तुम्ही कशाला रोज एवढं चालता?"

ती वाटी पुसत होती. वर न बघता म्हणाली, "माज्या पारूला पाजायचं राह्यलंय रं माजं."